सारखें आणि तेंच

"सारखें" आणि "तेंच" हे दोन शब्द आपण बोलतांना सहज एकमेकांच्या जागीं वापरतों. घरगुती बोलण्यांत त्यानें फारसें बिघडत नाहीं. परंतु संगणकास आज्ञा लिहून देतांना या दोहोंची गल्लत झाली, तर एखाद्या विद्यार्थ्याचें वर्षहि वायां जाण्याचा प्रसंग येतो. तें कसें, हें आपण पाहूं.

नॉर्वे देशांतील डाल व नीगार्ड या विद्वानांनीं १९६७ सालच्या आपल्या सिम्युला भाषेंत माहिती "वस्तूं"च्या रूपानें मांडण्याची पद्धति आणली. पुढें पायथन, जावा इत्यादि भाषांनीं तीच उचलली. या पद्धतींत आधीं एक साचा ठरवितात व त्यावरून हव्या तितक्या वस्तु घडवितात. आपल्या महालांतील चितारओळींत गणेशोत्सवापूर्वीं गेलें म्हणजे ही कल्पना स्पष्ट होते. एका साच्यांतून निघालेल्या दोन मूर्ती रूपानें सारख्या असल्या, तरी त्या दोन आहेत. एकीचा टवका उडाला म्हणून दुसरीचा उडत नाहीं. उलट, महालाजवळच्या शुक्रवारी तलावासच आपण गांधीसागर म्हणतों. नांवें दोन, जलाशय एक! शुक्रवारींत टाकलेला कचरा गांधीसागरांतच पडतो.

या भाषांत वस्तूचें नांव म्हणजे तिच्या ठिकाणाचा पत्ता होय. एका नांवापुढें समचिन्ह घालून दुसरें नांव लिहिलें, तर नवी मूर्ति घडत नाहीं. जुन्या तलावास आणखी एक नांव मिळतें, इतकेंच.

आतां समजा, एका वर्गाचा निकाल तयार आहे. प्रत्येक विद्यार्थ्याची एक वस्तु. तींत त्याचें नांव, दाखल क्रमांक व गुणांची यादी. सर्वांस पांच गुण अधिक दिल्यास कितीजण उत्तीर्ण होतील, हें अजमावण्यासाठीं शिक्षकांनीं त्या वस्तूंच्या प्रती केल्या व प्रतींत गुण वाढविले. मग मूळ निकाल उघडून पाहतात, तों तेथेंहि पांच गुण वाढलेले! कारण पायथनमधील साधी 'कॉपी' बाहेरची वस्तु तेवढी नवी करते. आंतल्या यादीचा केवळ पत्ता उतरून घेते. कारकुनानें हिशेबाची वही नकलून घेतली, पण तींत "दागिन्यांचा तपशील कपाटांतील चोपडींत पाहावा" अशी नोंद असली, तर वह्या दोन झाल्या, चोपडी एकच राहिली. हिला उथळ प्रत म्हणतात. जावामधील मूळची 'क्लोन' क्रियाहि अशीच उथळ आहे. सर्वांत घातक गोष्ट ही कीं, यंत्र कोठेंहि अडत नाहीं आणि चुकीची सूचनाहि देत नाहीं.

यावर उपाय सखोल प्रतीचा. पायथनमधील 'डीपकॉपी' आंतील वस्तूंच्याहि नव्या प्रती करते. विद्यार्थ्याच्या वस्तूंत वर्गाचा निर्देश व वर्गाच्या वस्तूंत विद्यार्थ्याचा, असें चक्र असलें तरी ती त्यांत फिरत राहत नाहीं. कारण एकदां नकललेल्या वस्तूंची टिपणी ती ठेवते. तथापि हेंहि सर्व रोगांवर औषध नव्हे. विद्यार्थ्याच्या वस्तूंत शाळेचा निर्देश असेल, तर प्रतीबरोबर दुसरी शाळाहि उभी राहील! नवें काय करावें व सामाईक काय ठेवावें, हें लिहिणारानेंच ठरविलें पाहिजे.

तुलनेचीहि हीच कथा. पायथनमध्यें 'इज' हा शब्द विचारतो, "ही तीच वस्तु काय?" आणि जोडीनें लिहिलेलीं दोन समचिन्हें विचारतात, "ही सारखी काय?" जावामध्यें मात्र दोन समचिन्हें वस्तूंविषयीं पहिला प्रश्न विचारतात, दुसऱ्यासाठीं 'इक्वल्स' आहे. येथें एक सांपळा आहे. जावामध्यें पूर्णांक वस्तुरूपानें ठेवले, तर उणे १२८ पासून १२७ पर्यंतच्या संख्यांच्या तयार वस्तु भाषा स्वतःच पुनःपुन्हां वापरते. म्हणून दोन मुलांचे एका विषयांतील ९५ गुण समचिन्हांनीं ताडले, तर उत्तर "होय" येतें. पण दोघांची एकूण बेरीज ४५० असली, तर साधारणतः "नाहीं" येतें! लहान संख्यांवर चांचणी घेणारा निश्चिंत राहतो आणि गुणानुक्रम लावतांना बरोबरींत आलेला विद्यार्थी मागें पडतो.

सारखेपणा कशावर ठरवावा, हा प्रश्न यंत्राचा नव्हे, आपला आहे. एकाच नांवाचीं व समान गुणांचीं दोन मुलें असलीं, आणि नांव-गुणांवरून तुलना केली, तर दुबार नोंदी गाळतांना एक मुलगा यादींतून नाहींसा होईल. केवळ वस्तूच्या पत्त्यावरून तुलना केली, तर खेळांच्या यादींत व ग्रंथालयाच्या यादींत निरनिराळा नोंदलेला एकच मुलगा दोन ठरेल. दाखल क्रमांकावरून तुलना केली असतां दोन्ही दोष टळतात.

विद्यार्थ्यांनीं एक संवय अवश्य लावून घ्यावी. प्रत केल्यावर तींतील अगदीं आंतला एक अंक बदलावा आणि मूळ उघडून पाहावें. मूळ जसेंच्या तसें असलें, तरच ती प्रत आपल्या कामाची. पालकांनींहि मुलांच्या शेजारीं बसून ही परीक्षा एकदां पाहावी. तिला दोन मिनिटें पुरतात. आणि तीं वांचविण्याच्या नादांत चुकलेला निकाल मात्र कोणा मुलाच्या घरीं पोंचल्यावर परत घेतां येत नाहीं.