कळ थांबली म्हणून गोळी थांबवू नका

हृदयरोग विभागात मी टेक्निशियन आहे. स्ट्रेस टेस्टचा पट्टा चालवणं हे माझं रोजचं काम. ॲक्युपंक्चर घेऊन आलेले पेशंट अधूनमधून भेटतात आणि "आता छातीत काही होत नाही" म्हणतात. त्यांतल्या एका काकांमुळे हे लिहावंसं वाटलं.

काका एसटीतून निवृत्त झालेले, मधुमेहाचे जुने पेशंट. जिना चढताना छाती दाबल्यासारखी व्हायची, त्यावर गोळ्या चालू होत्या. मग कुणीतरी सुया सुचवल्या. महिनाभरात कळ थांबली आणि सुया टोचणाऱ्यानं सांगितलं, आता गोळ्यांची गरज नाही. काकांनी त्या बंद केल्या. टेस्टला आले ते केवळ लेकीच्या हट्टामुळे.

पट्ट्याचा पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटरचा, १० टक्के चढाचा. तीन मिनिटांनी वेग ४ किलोमीटर होतो, चढ १२ टक्के. काका गप्पा मारत चालत होते. दुसऱ्या टप्प्यात ईसीजीच्या व्ही-५ लीडमधली एसटी रेघ खाली उतरायला लागली. आधी एक मिलिमीटर, मग दोन. मी विचारलं, "काका, छातीत दुखतंय का?" "छे गं पोरी, एकदम मस्त." व्यायामात वाढायला हवा तो वरचा रक्तदाब मात्र घसरत होता. डॉक्टरांनी तिथंच पट्टा थांबवला. पुढे अँजिओग्राफीत तिन्ही रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले, बायपास करावी लागली.

हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडत असूनही कळ येत नाही, असं घडतं. मधुमेहात तर विशेष. म्हणून "दुखत नाही" एवढ्यावर मी कधीच विसंबत नाही.

सुयांना मी थोतांड म्हणणार नाही. स्थिर अंजायनाच्या, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून येणाऱ्या कळेच्या, ४०४ पेशंटवर चीनमध्ये झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये आला. चार आठवड्यांत बारा वेळा सुया दिल्या. योग्य बिंदूंवर सुया घेतलेल्यांच्या कळा खोट्या सुया घेतलेल्यांपेक्षा जास्त कमी झाल्या. पण दोन गोष्टी नीट वाचा. सगळ्यांची नेहमीची औषधं चालूच होती, आणि मुख्य मोजमाप होतं ते किती वेळा कळ आली याचं. अडथळे विरघळले, असा दावा तिथं कुणी केलेला नाही.

खोट्या उपचाराशी तुलना कशाला, असं लोक विचारतात. १९५० च्या दशकात अमेरिकेत अंजायनासाठी छातीतली एक धमनी बांधायची शस्त्रक्रिया जोरात होती. १९५९ मध्ये डॉ. लिओनार्ड कॉब यांनी काही पेशंटची धमनी बांधली, काहींच्या नुसत्या कातडीला छेद दिला. आराम दोन्हीकडे सारखाच पडला. ती शस्त्रक्रिया मग मागे पडली. त्या माणसांना बरं वाटलं हे खरंच होतं. धमनी बांधल्यामुळे वाटलं, हे खरं नव्हतं.

तेव्हा सुया घ्यायच्याच असतील तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना सांगा आणि चालू औषधाला हात लावू नका. बीटा-ब्लॉकर एकाएकी सोडला की कळ उलटून जोरात येऊ शकते, झटकाही येऊ शकतो. टेस्टच्या दिवशी कुठली गोळी टाळायची तेही डॉक्टरांनीच ठरवायचं. रक्त पातळ करणारं औषध किंवा पेसमेकर असेल तर सुया देणाऱ्याला पहिल्या भेटीतच सांगा. पेसमेकरवाल्यांनी विजेच्या सुया टाळाव्यात. छातीच्या मधल्या हाडावर खोल सुई तर घेऊच नका. काही जणांच्या त्या हाडाला जन्मजात छिद्र असतं, त्यातून सुई हृदयापर्यंत जाऊन मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत.

पट्ट्याची टेस्टही चुकते, बायकांमध्ये ती अनेकदा उगाच पॉझिटिव्ह येते. म्हणून नुसत्या रिपोर्टवरून घाबरू नका, निर्धास्तही होऊ नका. पुढची तपासणी विचारा.

आणि बसल्या जागी कळ आली, घाम फुटला, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखायला लागलं, तर सुयांच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता १०८ ला फोन करा. घरातल्या एकानं गोळ्यांची पिशवी आणि जुने ईसीजी बरोबर घ्यावेत.