रानडुकराच्या पारधीला पहिल्यांदा जाताना

प्रश्न : पूर्णगडला आमची भातशेती रानडुकरं उकरतात. भावकीतली मंडळी रान हाकणार आहेत. मी पहिल्यांदाच जातोय. काय तयारी करू?

उत्तर : आधी परवानगी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानडुक्कर संरक्षित आहे. पिकाचं नुकसान होत असलं, तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय मारणं हा गुन्हा. परवानगीनं मारलेलं जनावरही सरकारी मालमत्ता असतं. मटणाचे वाटे करता येत नाहीत. कागद हातात नसेल तर जाऊच नका, भावकी रागावली तरी चालेल.

कागद असेल, तर पहिल्या खेपेला बंदूक परवानाधारक जाणत्याच्याच हाती राहू द्या. दिवसाउजेडी बांध फिरून या. उकरलेली ओली माती, खुरांचे ठसे, झाडाच्या बुंध्यावर गुडघ्याइतक्या उंचीवर घासलेला चिखल, यावरून वाट कळते. डुकराची नजर अधू, पण नाक फार तिखट. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहता कामा नये.

खरा धोका हाकाऱ्यात असतो. झुडूप हललं म्हणून बार काढला आणि पलीकडे माणूस निघाला, अशानं कोकणात जीव गेलेत. कोण कुठे बसणार हे आधी ठरवा, जागा सोडू नका. जखमी डुक्कर किंवा पिलांची मादी दिसली तर पाठलाग करू नका.

बांधावर विजेची तार किंवा गावठी बॉम्ब कुणी सुचवला, तर साफ नकार द्या. नुकसानीचा अर्ज मात्र लगेच वनखात्याकडे करा, भरपाई मिळते.