जंत आहेत म्हणून लस थांबवू नका

सोळा महिन्यांच्या मुलीच्या शीतून लांबलचक जंत पडला आणि दोनच दिवसांवर तिची गोवर-रुबेलाची दुसरी लस आणि त्रिगुणीचा बूस्टर आला आहे. ‘जंत असताना लस लागू पडत नाही म्हणतात. आधी औषध देऊन महिनाभराने टोचलं तर चालेल का?’ असं तिच्या आईने विचारलं आहे.

नाही चालणार. लस ठरल्या दिवशीच द्या. जंतांची गोळी त्याच आठवड्यात दिली तरी हरकत नाही, दोन्हींत अंतर ठेवावं लागत नाही.

शंका मात्र अगदीच निराधार नाही. गोल जंत आतड्यात वर्षभर, कधी त्याहून जास्त मुक्काम ठोकतो. शरीराने आपल्याला हुसकावू नये म्हणून तो प्रतिकारशक्तीला थोडं गप्प बसवतो, आणि त्याची झळ लसीलाही लागू शकते. इक्वाडोरमध्ये जंत असलेल्या मुलांना कॉलऱ्याची तोंडावाटे लस देण्याआधी अल्बेंडाझोल हे जंतांचं औषध दिलं, तेव्हा लसीला प्रतिसाद सुधारला. पण युगांडात एन्टेबेला सुमारे अडीच हजार गरोदर स्त्रियांवर अभ्यास झाला. तिथे आईला अल्बेंडाझोल दिल्याने बाळाच्या बीसीजी, धनुर्वात किंवा गोवराच्या लसीच्या प्रतिसादात फरक पडला नाही. म्हणजे परिणाम लसीगणिक वेगळा, आणि लस लांबवावी इतका मोठा कुठेच नाही. गोवर काही तुमचा महिना संपायची वाट बघत बसणार नाही.

तोंडावाटे देतात त्या लसींचं थोडं निराळं आहे. आपली रोटाव्हॅक ही लस दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढू इथे तपासली गेली, तेव्हा रोटाव्हायरसच्या गंभीर जुलाबांपासून सुमारे ५५ टक्के संरक्षण मिळालं. श्रीमंत देशांत अशा लसींचा आकडा याहून बराच वर असतो. वारंवारच्या संसर्गाने झिजलेलं आतडं, कुपोषण, आईकडून आलेली प्रतिपिंडं अशी कारणं त्यामागे सांगतात. ही लस सुरू होते त्या सहा आठवड्यांच्या वयात बाळाच्या पोटात गोल जंत सहसा नसतातच, त्यामुळे सगळा दोष त्यांच्या माथी मारता येत नाही. आणि निम्म्याहून जास्त गंभीर आजार टळत असेल, तर त्या लसीला कुचकामी कोण म्हणेल?

जंतांचा खरा हिशेब पोषणात द्यावा लागतो. गोल जंत अन्नात वाटा घेतो आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचं शोषण बिघडवतो. याच वयात लसीबरोबर ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस पाजतात, तो चुकवू नका. आकडी जंत अनवाणी पायांतून शिरतो, आतड्याला चिकटतो आणि रक्त पितो. एकाचं पिणं थोडंसंच असतं, पण असे शंभर असले की मूल पांढरंफटक पडतं, खेळता खेळता बसकण मारतं, माती खातं. त्या मातीत पुन्हा अंडी! गोड खाल्ल्याने जंत होतात ही आजीची समजूत मात्र सोडून द्या. अंडी येतात ती मातीतून, न धुतलेल्या भाजीतून आणि नखांतून.

अल्बेंडाझोलची गोळी जंतनाशक मोहिमेत अंगणवाडीत आणि शाळेत फुकट मिळते, साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी, म्हणजे २०० मिलिग्रॅम. त्यापुढे पूर्ण ४००. वर्षाच्या आतल्या बाळाला मोहिमेतली गोळी द्यायची नाही. लहान मुलाला गोळी अख्खी देऊ नका. दोन चमच्यांत दाबून तिची पूड करा, पाण्यात कालवा आणि मूल शांत बसलेलं असताना पाजा. रडत्या मुलाचं नाक दाबून औषध ओतणारे वडील मी पाहिलेत. गोळी घशात अडकते ती अशाच वेळी. ताप असेल तर बरं वाटल्यावर द्या.

गोळीने वजन झरझर वाढेल ही अपेक्षा ठेवू नका. उत्तर प्रदेशात सुमारे १० लाख मुलांच्या अभ्यासात दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल देऊन पाहिलं, वजनात म्हणावा तसा फरक दिसला नाही. गोळी आतले जंत मारते, उद्या तोंडात जाणारी अंडी अडवत नाही आणि ताटात डाळ-अंडंही वाढत नाही. बाटलीबंद टॉनिकवर खर्च होणारे पैसे चपला, साबण आणि रोजच्या एका अंड्यावर खर्च झाले तर मला जास्त आवडेल.

गोळी देऊनही शी तेलकट, फेसाळ, दुर्गंधी येत राहिली आणि वजन अडलं, तर जियार्डिया या परजीवीची शंका घ्या. त्यावर अल्बेंडाझोलचा एक डोस पुरत नाही, शी तपासून वेगळं औषध लागतं.

एका बाबतीत मात्र घरी थांबू नका. पोट टम्म फुगलं, हिरवी उलटी झाली, शी आणि वारा दोन्ही बंद झाले, तर जंतांच्या गुंत्याने आतडं अडलेलं असू शकतं. अशा वेळी गोळी, एरंडेल, वावडिंग यातलं काहीही पोटात घालू नका. सरळ शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठा.