कोळीवाड्याचा नकाशा गावानेच काढावा

किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) २०११ आणि २०१९ या दोन्ही अधिसूचना सांगतात की मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामाईक जागा, जेट्टी, बर्फाचे कारखाने, मासळी वाळवायच्या जागा गावपातळीच्या नकाशावर दाखवायला हव्यात. त्या राहून गेल्या तर वहिवाटीची वाळू कागदावर पडीक ठरते, आणि पडीक जागेवर डोळा ठेवणारे किनाऱ्यावर कमी नाहीत.

आधी दोन कागद मिळवा: भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा आणि किनारा व्यवस्थापन आराखड्यातलं आपल्या गावाचं पान. १:४००० प्रमाणाच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे ४० मीटर. वीस मीटरचं खळं (मासळी वाळवायचं अंगण) तिथे जेमतेम अर्धा सेंटिमीटर भरतं, सहज सुटतं. म्हणून बंदर, खळी आणि होड्या ओढायची वाट एवढ्या भागाचं मोठं चित्र वेगळं काढा.

सुरुवात मात्र कागदावर नको. देवळासमोरच्या अंगणात चुन्याने किनारा, खाडीचं मुख, वाटा आखा. पुसून पुन्हा काढता येतं, म्हणून माणसं मोकळेपणी बोलतात. बायकांची बैठक वेगळी आणि बाजार उरकल्यावरच घ्या. बोंबील वाळवायच्या वलांड्या, जवळ्याची खळी, कालवं काढायची खडपं, खाजणात उतरणाऱ्या पायवाटा त्यांच्या रोजच्या कामाच्या. त्या बैठकीशिवाय केलेला नकाशा अर्धाच, असं माझं ठाम मत आहे.

मग प्रत्येक जागेपुढे विचारा: कोणत्या महिन्यात, कोण, कशासाठी? या प्रश्नाला हवा तेवढा वेळ द्या. ज्या वाळूवर एरवी मासळी वाळते, तिथेच १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या शाकारून ठेवलेल्या असतात. सिंधुदुर्गात रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) ओढायला लांबच लांब मोकळा किनारा लागतो. तिथे एक भिंत उभी राहिली की रापण बंद. असा वापर एका दिवसाच्या पाहणीत दिसत नाही. बारा महिन्यांचा तक्ता करून नकाशाला जोडा.

आता चाला. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी कुठवर येतं ते मोबाइलच्या जीपीएसवर नोंदवा, तारखेसह फोटो घ्या. जीपीएस काही मीटर चुकतं, म्हणून जवळची विहीर किंवा देऊळ गाठून टेपने अंतर मोजा. ही कायद्याची भरतीरेषा नव्हे, हे नकाशावर स्पष्ट लिहा.

घरांची गरजही मांडा: एका छपराखाली किती चुली, वाढत्या कुटुंबांना जागा कुठे. शेजारच्या गावाशी हद्दीचा वाद असेल तर दोन्हीकडच्या जाणत्यांना एकत्र बसवा; तोवर ती रेष तुटक ठेवा. डोलीच्या कवींच्या (समुद्रात डोल जाळी लावायच्या ठरलेल्या जागांच्या) खुणा बाहेर द्यायच्या की नाहीत, ते नाखवांनी ठरवावं.

शेवटी नकाशा ग्रामसभेत वाचून दाखवा, ठराव घ्या. आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की हरकतीला नकाशा, तक्ता आणि ठराव जोडून मुदतीत द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. जनसुनावणीत खळ्यावर काम करणाऱ्या बायकांनाच बोलू द्या.