खाण, माती आणि वाटाणे

'खाण तशी माती' ही म्हण आपल्याकडे फार सोयीची आहे. मुलाने नाव काढले तरी ती उपयोगी पडते, आणि त्याने दिवे लावले तरीही तीच. परंतु त्याच घरांत, त्याच तोंडांनी आणखी एक वाक्य बोलले जाते: "हा आईवर नाही, बापावर नाही, थेट आजोबांवर गेला." ही दोन वाक्ये एकमेकांशी भांडतात, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. नातवाचे घारे डोळे आजोबांकडून आले म्हणावे, तर मधल्या पिढीत, काळ्याभोर डोळ्यांच्या बापाजवळ, ते होते कोठे? माझ्या मते आनुवंशिकतेच्या शास्त्राचा सारा आरंभ या एका 'कोठे'मध्ये आहे.

कलाशाखेच्या अंकात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईलच. आधी वाटाण्यांकडे वळू.

एकोणिसाव्या शतकात सर्वसाधारण समजूत अशी होती की, आईचे व बापाचे गुण दूध आणि पाणी यांसारखे एकमेकांत मिसळतात. दिसायला ही कल्पना पटण्यासारखी आहे. उंच बाप, ठेंगणी आई, मुलगा मध्यम. पण दुधात एकदा पाणी घातले की ते पुन्हा वेगळे काढता येत नाही. गुण जर असे मिसळत असते, तर आजोबांचे डोळे नातवाकडे पोहोचलेच नसते. १८५९ मध्ये 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' प्रसिद्ध करणाऱ्या डार्विनलाही हे कोडे समाधानकारकपणे उलगडले नव्हते.

ते उलगडले ब्रनो येथील (हे शहर आज चेक प्रजासत्ताकात आहे) मठात राहणाऱ्या एका साधूने. ग्रेगोर मेंडेल १८२२ मध्ये शेतकऱ्याच्या घरी जन्मला. शिक्षकाच्या पात्रतेची परीक्षा दोनदा देऊनही तो उत्तीर्ण होऊ शकला नाही, हे आपल्या काही विद्यार्थिमित्रांच्या समाधानासाठी जाता जाता सांगून ठेवतो. १८५६ ते १८६३ या काळात त्याने मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपे वाढविली. वाटाण्याचे फूल बहुधा स्वतःच्याच परागांनी फळते, त्यामुळे जात शुद्ध राहते. दोन जातींचा संकर करावयाचा तर कळी उमलण्यापूर्वीच तिचे पुंकेसर चिमट्याने काढावे लागतात आणि मग दुसऱ्या झाडाचे पराग आणून लावावे लागतात. हे काम मेंडेल वर्षानुवर्षे करीत राहिला आणि, हेच त्याचे खरे वैशिष्ट्य, दाणे मोजीत राहिला.

गोल दाण्याच्या जातीचा त्याने सुरकुतलेल्या दाण्याच्या जातीशी संकर केला. पहिल्या पिढीचे सगळे दाणे गोल निघाले. सुरकुती जणू नाहीशीच झाली. ते दाणे पेरून आलेली २५३ रोपे त्याने आपापली फळू दिली. त्यांना ७,३२४ दाणे लागले, त्यांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. म्हणजे जवळजवळ तीनास एक. हरवलेली सुरकुती परत आली होती आणि ती अर्धवट, पातळ होऊन आली नव्हती, मूळच्याइतकीच पक्की होती. आजोबांचे डोळे नातवाकडे आले होते!

बहुतेक पाठ्यपुस्तके येथेच थांबतात. मला मात्र याच्या पुढची पायरी अधिक महत्त्वाची वाटते. मेंडेलने त्या दुसऱ्या पिढीतील गोल दाणे पुन्हा पेरले. त्यांतून आलेल्या ५६५ रोपांपैकी १९३ रोपांना केवळ गोल दाणे लागले. उरलेल्या ३७२ रोपांना गोल आणि सुरकुतलेले असे दोन्ही लागले. डोळ्यांना सारखेच दिसणारे ते गोल दाणे आतून दोन प्रकारचे होते, आणि तीनांपैकी दोघांच्या पोटात सुरकुती लपलेली होती. हा 'तीनांत दोन' आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा; पुढे तो एका माणसाच्या संदर्भात पुन्हा भेटणार आहे.

मेंडेलने काढलेला अर्थ असा. प्रत्येक गुणामागे एक जोडी असते, एक घटक आईकडून आलेला, एक बापाकडून. बीजपेशी तयार होताना ही जोडी फुटते आणि अपत्याला त्यांतील कोणता तरी एकच मिळतो. दोन भिन्न घटक एकत्र आले तर एकाचा प्रभाव दिसतो, त्याला प्रभावी म्हणावयाचे. दुसरा झाकला जातो, तो अप्रभावी. झाकला जातो, नष्ट होत नाही. दोन-दोन गुणांचे एकत्र प्रयोगही त्याने केले. त्यांतून निघणारे ९:३:३:१ हे प्रमाण परीक्षेपुरते सर्वांना पाठ असते, म्हणून त्याचा विस्तार करीत नाही. १८६५ मध्ये त्याने हे निष्कर्ष ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे वाचले, १८६६ मध्ये ते छापले गेले आणि जवळजवळ कोणीही त्यांची दखल घेतली नाही. १८८४ मध्ये मेंडेल वारला. १९०० मध्ये तिघा शास्त्रज्ञांना त्याचे काम नव्याने गवसले. त्याच्या 'घटका'ला आपण आज जनुक म्हणतो, आणि ही जनुके पेशीतील गुणसूत्रांवर असतात. माणसात गुणसूत्रांच्या २३ जोड्या आहेत.

दाणा सुरकुततो का, याचे उत्तर मात्र १९९० मध्ये मिळाले. दाण्यात साखरेपासून पिठाचे कण बनविण्याच्या कामी येणारे एक जनुक या जातीत बिघडलेले असते. पीठ कमी, साखर जास्त, म्हणून पाणीही जास्त. वाळताना ते पाणी गेले की साल आकसते. हिवाळ्यात आपण सोलता सोलता निम्मा तोंडात टाकतो तो गोड मटार बहुतेक या सुरकुतणाऱ्या जातींचा असतो, आणि उसळीसाठी भिजत घालतो तो कोरडा वाटाणा गोल. दोहोंपैकी एक जनुक जरी चांगले असले तरी काम भागते, दाणा गोल होतो. पण सूक्ष्मदर्शकाखाली अशा संकरित दाण्यातील पिठाचे कण पाहिले, तर ते मधल्याच ठेवणीचे दिसतात. प्रभावी-अप्रभावी हे आपण कोठून पाहतो यावरही अवलंबून असते.

आता माणसाकडे येतो. गडचिरोली जिल्ह्यातील एका गावी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रक्ततपासणीच्या नोंदी लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. पहिला मुलगा सिकलसेलचा रुग्ण असलेली एक बाई मला म्हणाली, "मॅडमनं सांगतलं, चारातलं एक तसं होते म्हणून. एक तर झालं. आता पुढचे तिघं चांगले निघतील नं जी?" तिच्या हिशेबात तसे पाहता काहीच वावगे नव्हते. तिला उत्तर कोणी व कसे द्यावे, हा प्रश्न विज्ञानाचा तितकाच भाषेचाही आहे, असे मला तेव्हा वाटले. हा लेख त्या विचारातूनच लिहिला आहे.

या आजाराची पहिली नोंद १९१० मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी प्रसिद्ध केली. वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकावयास आलेल्या तरुणाच्या रक्तात त्यांना विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी दिसल्या. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, दोष रक्तातील हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो नेमका शोधून काढला. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. त्यांतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, एवढाच फरक. परंतु तेवढ्याने, प्राणवायू कमी पडताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोरखंडासारखे ताठ होतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि हाडांत व सांध्यांत असह्य वेदना उठतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून पंडुरोग कायमचा.

विदर्भात आणि नंदुरबारकडे लोक याची अक्षरे सहज बोलतात. दोन्ही जनुके चांगली असलेला ए.ए., दोन्ही सदोष असलेला एस.एस., तो रुग्ण. एक चांगले व एक सदोष असलेला ए.एस., म्हणजे वाहक. वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन असते, पण तो आजारी नसतो. शेती करतो, धावतो, म्हातारा होतो. गोल दिसणाऱ्या, पण पोटात सुरकुती बाळगणाऱ्या त्या ३७२ रोपांसारखाच तो आहे.

त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भाच्या वेळी दोन नाणी नव्याने उडविली जातात. दोन्हींवर 'एस' पडण्याची शक्यता चारांत एक. नाण्याला आठवण नसते. मागल्या वेळी काय पडले ते त्याला ठाऊक नसते. म्हणून दुसऱ्या मुलाच्या वेळीही चारांत एक, तिसऱ्याच्या वेळीही तेच. गणित करून पाहिले तर मौज दिसते. दोघेही वाहक आणि चार मुले अशी २५६ कुटुंबे घेतली, तर सरासरीने ८१ घरांत एकही रुग्ण नसेल, १०८ घरांत एक असेल, आणि ६७ घरांत दोन किंवा अधिक. 'चारांतले एक' हे वाक्य सगळ्या कुटुंबांच्या गोतावळ्याला लागू आहे, एका घराच्या अंगणाला नाही.

आणि त्या आजारी मुलाची धडधाकट धाकटी बहीण? ती निरोगी आहे हे दिसतेच, म्हणजे एस.एस. ती नव्हे. उरलेल्या तीन शक्यतांपैकी दोहोंत ती वाहक आहे. तीनांत दोन! मेंडेलचा आकडा तो हाच. खरे नाट्य येथून पुढे घडते, कारण या मुलीचे लग्न व्हावयाचे असते. तपासणीत ए.एस. निघाले की सोयरीक मोडते. मोडू नये म्हणून आईबाप कागद लपवितात. आणि लपविल्यामुळेच वाहकाची गाठ वाहकाशी पडते. वास्तविक वाहक मुलीने ए.ए. मुलाशी लग्न केले तर एकही मूल रुग्ण होत नाही. फार तर निम्मी वाहक होण्याचा संभव. तेव्हा तिच्यात दोष काढण्याऐवजी वराच्या रक्ताचा कागद मागितला पाहिजे. पण आपल्याकडे कागद मुलीचाच मागतात. छत्तीस गुण जुळविणाऱ्यांना हा सदतिसावा का सुचू नये, असे माझ्या मनात येते. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारी मंडळीही याच पंथाची. मुलगा की मुलगी हे बापाकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरते, हे शास्त्राने सांगितल्याला शंभर वर्षे उलटून गेली.

इतके घातक जनुक इतक्या लोकांत टिकले कसे? १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत केलेल्या अभ्यासातून याचे उत्तर पुढे आले. वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जेथे मलेरियाने लहान मुले दगावत, तेथे ए.ए. मुलांपेक्षा ए.एस. मुले अधिक संख्येने वाचली आणि त्यांनी 'एस' पुढे नेला. भारतात या जनुकाची नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली. आपल्याकडे भिल्ल, पावरा, गोंड, माडिया या समाजांत, तसेच विदर्भातील इतरही काही समाजांत ते आढळते. सातपुड्याच्या आणि गोंडवनाच्या रानांत पिढ्यान्पिढ्या मलेरिया होता, हे ध्यानात घेतले म्हणजे 'या लोकांचे रक्तच खराब' असे म्हणणाऱ्याचे तोंड बंद व्हावे. त्यांचे पूर्वज ज्याच्यामुळे जगले, त्याचे देणे नातवंडे फेडीत आहेत.

मेंडेल अर्धवट वाचणाऱ्यांनी मोठे अनर्थ केले आहेत. जर्मनीत १९३३ च्या कायद्याने 'आनुवंशिक रोगी' ठरवून सुमारे चार लाख माणसांची सक्तीने नसबंदी करण्यात आली. क्रौर्य तर होतेच. पण गणितही चुकीचे होते. शंभर माणसांच्या वस्तीत २०० जनुके धरा आणि त्यांत २० 'एस' आहेत असे समजा. रुग्ण सरासरीने एकच असतो, वाहक अठरा. वीसांपैकी अठरा 'एस' त्या ठणठणीत दिसणाऱ्या माणसांत आहेत. रुग्णाकडे बोट दाखविणाऱ्याच्याच अंगात तो असावयाचा!

शहाणपणाचा मार्ग तपासणीचा व सल्ल्याचा आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट आहे. प्राथमिक चाचणीत एक थेंब रक्त पुरते. द्रावण गढूळ झाले तर 'एस' आहे एवढे कळते, पण वाहक की रुग्ण हे ठरविण्यास पुढची तपासणी लागते. पहिल्या चाचणीवरच घाबरून जाणारे पुष्कळ, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

रुग्णांना हायड्रॉक्सियुरियाने बराच आराम पडतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटनने व त्यापाठोपाठ अमेरिकेने एका जनुक-संपादनाच्या उपचारास मान्यता दिली. त्यात रुग्णाच्या अस्थिमज्जेतील पेशी बाहेर काढतात आणि गर्भावस्थेत चालू असलेले, जन्मानंतर मागे पडलेले हिमोग्लोबिन त्यांच्याकडून पुन्हा बनवून घेतात. खर्च कोट्यवधींचा आहे. या उपचाराने वेदना थांबतात, रक्त सुधारते. परंतु बदल होतो तो मज्जेत, बीजपेशींत नाही. असा बरा झालेला मनुष्य उद्या बाप झाला, तर त्याच्या प्रत्येक मुलाला त्याच्याकडून एक 'एस' मिळणारच, आणि दुसरे अक्षर कोणते असेल ते आईच्या रक्ताच्या कागदावर पाहावे लागेल.