शेपट्या मोजाव्या की कोकरे?
ऑस्ट्रेलियातील खोकडे व सरकारी पैसा : एक अभ्यासपाठ

सरकार एखाद्या कामास पैसा देते तेव्हा काहीतरी मोजून देते. किती विहिरी खणल्या, किती झाडे लावली, किती उंदीर मारले, असा आकडा मागितला जातो व त्या आकड्यावर रक्कम ठरते. जे मोजले जाते तेच काम लोक करू लागतात, हा मनुष्यस्वभाव होय. म्हणून काय मोजावे, हा प्रश्न कारकुनाचा नसून गावाच्या हिताचा आहे. तो नीट समजावा ह्या हेतूने आम्ही ह्या पाठासाठी ऑस्ट्रेलिया देशातील एक उदाहरण घेतले आहे. तेथील मेंढपाळ व सरकार ह्यांस खोकड नावाच्या लहानशा जनावराने दीर्घकाळ भंडावून सोडिले आहे, आणि त्यापायी जो पैसा खर्च झाला त्यातून आपणांसही शिकण्याजोगे पुष्कळ आहे.

१. हा प्राणी कोणता?

पुस्तकांतून ह्या प्राण्यास पुष्कळदा ‘कोल्हा’ म्हटलेले आढळते, परंतु आपल्याकडे ऊसाच्या फडात व ओढ्याकाठी ज्याची कोल्हेकुई ऐकू येते तो प्राणी निराळा. ऑस्ट्रेलियातील हे जनावर म्हणजे युरोपातील तांबडे खोकड होय. आपल्या माळरानावर बिळे करून राहणारे करड्या रंगाचे लहान खोकड त्याचे जवळचे भाऊबंद आहे. तांबडे खोकड अंगाने त्याहून मोठे, झुपकेदार शेपटीचे व अतिशय सावध असते. एकटे हिंडते, रात्री शिकार करिते, आणि ससा, उंदीर, पक्षी, अंडी, फळे, मेलेले जनावर, जे मिळेल त्यावर निर्वाह करिते.

२. ते तेथे कसे गेले?

ऑस्ट्रेलियात मूळचे खोकड नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडातून तेथे वसावयास गेलेल्या श्रीमंत लोकांस घोड्यावर बसून खोकडाची शिकार करण्याचा आपला जुना षोक नव्या देशातही पुरवावयाचा होता. म्हणून त्यांनी व्हिक्टोरिया प्रांतात, मेलबर्न शहराच्या आसपास, ही जनावरे आणून सोडिली. १८५९ मध्ये त्याच प्रांतात शिकारीसाठी ससेही आणून सोडण्यात आले. सशांची बेसुमार वाढ झाली व खोकडांस घरबसल्या अन्न मिळाले. १८७० नंतर खोकडे तेथे कायमची रुजली, आणि पुढील काही दशकांत उष्ण उत्तर भाग सोडून जवळजवळ सर्व खंडभर पसरली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांची संख्या सुमारे १७ लाख धरली आहे. थोड्या लोकांच्या करमणुकीची किंमत त्यांच्या मागून आलेल्या सर्व पिढ्या भरीत आहेत, हे येथे ध्यानात ठेवावे.

३. नुकसान किती व कोणाचे?

मेंढपाळाचे नुकसान कोकरांत होते. मोठी मेंढी खोकडाच्या आटोक्यातली नव्हे, पण नुकतेच जन्मलेले, थंडीने गारठलेले किंवा आईपासून चुकलेले कोकरू ते सहज उचलते. तेथे ऑगस्ट व सप्टेंबर ह्या महिन्यांत खोकडीस पिल्ले होतात, आणि पुष्कळ ठिकाणी मेंढ्या विण्याचा काळही तोच असतो. त्यामुळे ज्या वेळी खोकडीस अन्नाची गरज अधिक, त्याच वेळी रानात दुबळी कोकरे अधिक असतात.

तथापि खाल्लेले प्रत्येक कोकरू खोकडानेच मारिले असे म्हणता येत नाही. पुष्कळ कोकरे थंडी, उपासमार व अवघड वेण ह्यांनीच मरतात, आणि खोकड मागाहून येऊन प्रेत खाते. ह्यासाठी तेथील जाणते लोक मेलेले कोकरू तपासून पाहतात. खुरांखालील जन्मवेळचे मऊ आवरण झिजले असेल तर ते कोकरू उठून चालले होते. पोटात दूध असेल तर आईने त्यास पाजले होते. दातांच्या खुणेजवळ कातड्याखाली रक्त साकळले असेल तर चावा जिवंतपणी बसला होता. हे पाहिल्यावाचून सारा दोष खोकडावर ठेविला, तर खरे कारण आडोशावाचून पडलेली थंडी असेल आणि औषधोपचार मात्र भलत्यावरच होईल.

२००४ मधील एका अंदाजाप्रमाणे खोकडांमुळे त्या देशाचे दरवर्षी सुमारे २२ कोटी ७५ लाख डॉलरांचे नुकसान होत होते. त्यातील मोठा भाग कोकरांचा नसून तेथील रानातील लहान प्राणी व पक्षी ह्यांच्या हानीचा धरला होता. म्हणजे हा प्रश्न एकट्या मेंढपाळाचा नाही. म्हणूनच त्यात सरकारी पैसा पडणे योग्य मानले गेले.

४. बक्षिसाची रीत

सर्वांत जुनी व लोकांस सर्वांत आवडणारी रीत म्हणजे प्राणी मारून आणावा व बक्षीस घ्यावे. आपल्याकडेही इंग्रजी अमदानीत वाघ, बिबटे व लांडगे मारणाऱ्यांस सरकारातून इनाम मिळत असे. व्हिक्टोरिया प्रांताने २००२ व २००३ ह्या साली ही रीत पुन्हा अजमावून पाहिली. खोकडाची एक शेपटी आणून देणाऱ्यास १० डॉलर मिळू लागले. दीड लाखाहून अधिक शेपट्या जमा झाल्या. आकडा मोठा दिसला व कामही मोठे झालेसे वाटले.

परंतु मागाहून जाणत्यांनी हिशेब तपासला तेव्हा निराळेच दिसून आले. खोकडांची संख्या खरोखर घटावी इतकी मारणी प्रांताच्या शेकडा ४ हूनही कमी भागात झाली होती. हे असे का व्हावे? कारणे समजण्यास कठीण नाहीत.

पहिले कारण असे की, शिकारी जेथे शिकार सुलभ तेथे जातो. रस्त्यालगत, गावाजवळ, मोकळ्या शेतात तो बंदूक चालवितो, पण कोकरे जेथे मरतात त्या आडरानातच तो जाईल असे नाही. दुसरे, शिकाऱ्याच्या हाती बहुधा नवखी, तरुण खोकडे लागतात, आणि त्यांतील पुष्कळ एरवीही पहिले वर्ष पार पाडीत नाहीत. तिसरे, एका शेतातील खोकड मेले की ती जागा मोकळी होते व शेजारच्या रानातून दुसरे येऊन तेथे राहते. एका अभ्यासाप्रमाणे खोकडांची वाढ थांबवावयाची तर दरवर्षी त्यांतील शेकडा ६५ मारली पाहिजेत. विखुरलेल्या बंदुकांनी इतके होत नाही. चौथे, शेपटी कोठून आली हे शेपटी सांगत नाही. गाडीखाली मेलेल्या खोकडाची शेपटी व कोकरांच्या कुरणात मारिलेल्याची शेपटी ह्यांस एकच मोल मिळते.

असे असूनही २०११ मध्ये त्या प्रांताने खोकडामागे १० डॉलर देण्याची योजना पुन्हा सुरू केली, व पुढे तो दर वाढविण्यात आला. ह्या योजनेच्या कैवाऱ्यांचेही म्हणणे न्यायाने ऐकले पाहिजे. ते म्हणतात की, खेड्यातील तरुणांस त्यातून चार पैसे मिळतात, शिकारी व शेतकरी ह्यांचा संबंध राहतो, आणि दूर राजधानीत बसलेल्या सरकारास आपली आठवण आहे असे गावास वाटते. ह्या गोष्टी अगदीच तुच्छ नाहीत. परंतु मेंढपाळास सांत्वन देणे व त्याचे कोकरू वाचविणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

५. एकजुटीची रीत

दुसऱ्या रीतीत सरकारी पैसा मेलेल्या प्राण्यावर न देता कामाच्या बांधणीवर खर्च होतो. मांसाच्या लहान तुकड्यात १०८० नावाचे विष अत्यल्प प्रमाणात घालून ते आमिष जमिनीत पुरतात. खोकड वासाने ते उकरून खाते. न्यू साउथ वेल्स प्रांतात ह्या कामाची व्यवस्था २०१४ पासून स्थानिक भूसेवा संस्थांकडे आहे. त्यांस सरकारी मदत मिळते, आणि जमीनधारक स्वतःही पट्टी भरतात. शेजारशेजारचे शेतकरी एकाच आठवड्यात आमिषे पुरतात. एक वेळ मेंढ्या विण्याच्या आधी, व दुसरी वेळ शरदऋतूत, जेव्हा तरुण खोकडे नव्या जागेच्या शोधात हिंडतात. दहा शेतांपैकी नऊ शेतकऱ्यांनी काम केले व एकाने केले नाही, तर त्या एकाच्या शेतातून सर्वांकडे पुन्हा खोकडे येतात. म्हणून येथे पैशाइतकेच मोल शेजारधर्मास आहे.

हे विष भयंकर असून कुत्र्याने ते आमिष खाल्ल्यास त्यावर खात्रीचा उतारा नाही. म्हणून तेथे शिक्षण घेतलेल्या व परवानगी असलेल्या मनुष्यासच ते मिळते. शेजाऱ्यांस आगाऊ कळवावे लागते व शेताच्या सीमेवर पाट्या लावाव्या लागतात.

पश्चिम ऑस्ट्रेलियात ह्याच विषाचा उपयोग करून १९९६ मध्ये सरकारने रानातील प्राण्यांच्या रक्षणासाठी मोठी मोहीम सुरू केली. तेथील काही रानझुडपांत हेच विष मुळातच असल्यामुळे त्या भागातील मूळच्या प्राण्यांस ते बरेच सोसते, खोकडास मात्र सोसत नाही. वॉयली नावाचा, कांगारूच्या कुळातील, सशाहून लहान प्राणी ह्या उपायाने इतका वाढला की त्याच वर्षी त्याचे नाव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून काढले गेले. परंतु १९९९ ते २००६ ह्या काळात त्याची संख्या शेकडा ९० च्या सुमारास घटली. रानमांजरे हे त्याचे एक कारण मानले जाते, कारण खोकड गेल्यावर त्यांस मोकळीक मिळाली. एक वैरी घालविला म्हणून पहारा उठवू नये, हा ह्यातील बोध होय.

६. बेटांवरील दोन उदाहरणे

व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर फिलिप नावाचे बेट आहे. तेथे लहान जातीचे पेंग्विन पक्षी राहतात व खोकडे त्यांचा संहार करीत. मोजून, माग काढून, शेवटचे खोकड सापडेपर्यंत काम चालले, आणि २०१७ मध्ये बेट खोकडमुक्त झाल्याचे जाहीर झाले. बेटास मुख्य भूमीशी जोडणारा पूल एकच असल्यामुळे राखण करणे शक्य झाले. ज्या कामाचा शेवट करता येतो तेथे पैसा एकदम व पुरता द्यावा, हे ह्यावरून दिसते.

टास्मानिया बेटाची गोष्ट निराळी. तेथे कोणी खोकडे आणून सोडिली अशी वार्ता २००१ मध्ये उठली. पुढील सुमारे बारा वर्षांत प्रांतिक व मध्यवर्ती सरकारांनी मिळून सुमारे ५ कोटी डॉलर खर्च केले. काही मृत खोकडे व विष्ठेचे नमुने पुरावा म्हणून पुढे आले, पण एकही जिवंत खोकड हाती लागले नाही. वेळीच केलेल्या उपायाने संकट टळले असे काही म्हणतात, तर तेथे खोकडांची वस्ती मुळी झालीच नव्हती असे दुसरे म्हणतात. सार्वजनिक पैसा खर्चताना पुरावा कसा तपासावयाचा हे आधीच ठरले नाही, तर मागाहून यशापयश सांगणेही कठीण होते.

७. राखणदार कुत्री

आमच्या वाचकांपैकी ज्यांनी धनगरांचे वाडे पाहिले आहेत त्यांस हे सांगणे नको की, रात्री मेंढरे वाघुरात कोंडून भोवती कुत्री राखणीस ठेवितात. ऑस्ट्रेलियातही इटलीकडील मारेम्मा जातीची पांढरी कुत्री लहानपणापासून कळपात वाढवितात. वॉर्नम्बूल गावाजवळ मिडल आयलंड नावाचे लहान बेट आहे. ओहोटीच्या वेळी खोकडे तेथे चालत जात. २००५ च्या सुमारास तेथील पेंग्विनांची संख्या दहाच्याही खाली गेली होती. कोंबड्या पाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या सूचनेवरून २००६ मध्ये तेथे ही कुत्री ठेविली, आणि पक्षी पुन्हा शंभरावर गेले. २०१७ मध्ये समुद्र खवळल्यामुळे काही दिवस कुत्री नेता आली नाहीत, तेवढ्यात खोकडांनी शंभराहून अधिक पक्षी मारिले. राखण हे रोजचे काम आहे, एकदा करून संपणारे नव्हे.

८. आपण काय घ्यावे?

प्रथम एक इशारा. ऑस्ट्रेलियात खोकड परके आहे. आपल्याकडील खोकड व कोल्हा हे ह्याच भूमीचे प्राणी असून शेतातील उंदीर खाऊन ते आपले कामही करितात, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांस संरक्षण आहे. म्हणून तेथील विष व बंदूक येथे आणण्याचा विचारही करू नये. आपल्याकडे वन्य पशूने गुरे मारिली तर वनखात्याकडे भरपाई मागण्याची वाट आहे. त्या वाटेने जावे.

जे घ्यावयाचे ते हे. कोणतीही सरकारी मदत गावात आली असता तीन गोष्टी विचाराव्या. येथे काय मोजले जात आहे, केलेले काम की मिळालेले फळ? हे काम एकट्याने होणारे आहे की शेजाऱ्यांवाचून अडणारे? आणि पैसा संपल्यावर पुढील वर्षी राखण कोण करील? शेपट्यांचा ढीग पाहून समाधान मानणारे सरकार व शेपटीचे पैसे घेऊन स्वस्थ बसणारा गाव, दोघेही फसतात. खरा हिशेब विण्याच्या हंगामानंतर वाड्यातच होतो. जितकी जन्मली त्यांतील किती कोकरे आपल्या पायांनी कुरणात गेली, हे मेंढपाळाने मोजावे, आणि सरकारनेही त्यासच विचारावे.

चर्चेसाठी प्रश्न

(१) दीड लाख शेपट्या जमूनही मेंढपाळांचा प्रश्न का सुटला नाही?
(२) मेलेले कोकरू खोकडाने मारिले की नाही हे कोणत्या खुणांवरून ओळखावे?
(३) फिलिप बेटावर जे साधले ते मुख्य भूमीवर साधणे का कठीण आहे?
(४) आपल्या गावात चालू असलेली एखादी सरकारी योजना घ्या. तीत काय मोजले जाते, व काय मोजले जावयास पाहिजे?