शाळा व्यवस्थापन समितीचा निर्णय आणि ठरावाची भाषा

मागील उपघटकात आपण इतिवृत्तलेखनाचा परिचय करून घेतला. शाळेतील उपक्रमाविषयीचा निर्णय ठरावात कसा उतरतो, हे आता पाहू.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ मधील कलम २१ नुसार शासकीय व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. शाळेच्या कामकाजावर व अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे, ही तिची कामे होत. अभ्यासक्रम निश्चित करणे मात्र कलम २९ नुसार शैक्षणिक प्राधिकरणाकडे असते. म्हणून ‘शिफारस केली’ आणि ‘मंजुरी दिली’ या क्रियापदांतील भेद हा अधिकाराचा भेद असतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. तिसरीतील काही मुले वाचनात मागे आहेत. सभेत जादा वर्गाचा विषय निघतो. एक पालक-सदस्या सांगते, ‘शाळा सुटल्यावर मुलींना धाकट्या भावंडांना सांभाळावे लागते, वर्ग सकाळी घ्या.’ सारे माना डोलावतात. इतिवृत्तात नोंद होते : ‘जादा वाचनवर्ग सुरू करण्याचे सर्वानुमते ठरविण्यात आले.’

वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु ‘ठरविण्यात आले’ या रचनेत कर्ता अनुक्त राहतो. वर्ग कोणी घ्यायचा, केव्हा घ्यायचा, याचा बोध होत नाही. वर्ग सायंकाळी भरतो, मुली येत नाहीत आणि पुढच्या सभेत ‘पालक उदासीन आहेत’ अशी नोंद होते. त्या मातेचे म्हणणे कागदावर आलेच नाही. उलट दोष मात्र तिच्याच माथी आला.

हाच ठराव असा लिहिता येईल : ‘वाचनात मागे असलेल्या तिसरीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळा भरण्यापूर्वी अर्धा तास वर्ग घ्यावा. मुख्याध्यापकांनी त्यासाठी शिक्षक नेमावेत. समितीने दोन महिन्यांनी प्रगतीचा आढावा घ्यावा. सायंकाळी मुलींना घरकामामुळे येणे अवघड असल्याचे पालक-सदस्यांनी सांगितल्याने सकाळची वेळ निश्चित केली.’

येथे कर्ता, कार्य, मुदत आणि कारण ही चारही अंगे स्पष्ट आहेत. निर्णय सभेत होतो. पण पुढे अंमलबजावणी होते ती लिहिलेल्या शब्दांचीच.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एखाद्या संस्थेचा ठराव मिळवा. त्यातील अनुक्त कर्ते शोधून तो पुन्हा लिहा.